चौसष्ट घरं, चौसष्ट बिट

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बातुमीमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने टायब्रेकमध्ये कोनेरू हम्पीला हरवलं आणि बुद्धिबळातला महिलांचा विश्वचषक विदर्भात आला. अशा सामन्यांचं प्रक्षेपण ज्यांनी मोबाईलवर पाहिलंय, त्यांना पटाशेजारची उभी पट्टी ओळखीची असेल. पांढऱ्याचं पारडं जड झालं की पट्टीतला पांढरा भाग वाढतो, काळ्याचं झालं की काळा. समालोचक अजून विचारात असतात, खेळाडूचा हात अजून मोहऱ्याकडे गेलेला नसतो, आणि पट्टीने आपला निकाल देऊन टाकलेला असतो.

ही पट्टी हलवणारा प्रोग्रॅम बहुतेक वेळा एकच असतो. त्याचं नाव स्टॉकफिश, आणि तो कोणालाही फुकट मिळतो. थक्क व्हायला होतं ते पुढेच. त्याला मोठं यंत्र लागत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा तालुक्यात, जिथे जंगलाच्या रस्त्याला लागलं की फोनवरच्या नेटवर्कच्या रेघा एकेक करून गळायला लागतात, तिथे बसून लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर एखादा डाव उघडा आणि विश्लेषणाचं बटण दाबा. एंजिन, म्हणजे हाच खेळणारा प्रोग्रॅम, एकदा फोनमध्ये उतरलं की नेटवर्क गेलं तरी पट्टी हलतच राहते. ड्रॉइडफिशसारखं ॲप आधीच घेऊन ठेवलं असेल तर नेटवर्क लागतच नाही. हिशेब दूरदेशीच्या कुठल्या सर्व्हरवर चाललेला नसतो, तो तुमच्या तळहातावर चाललेला असतो. आणि हा तळहातावरचा खेळाडू माजी जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनला हरवण्याइतका तयारीचा आहे.

१९९७ साली तेव्हाच्या जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवणारा आयबीएमचा डीप ब्लू कपाटांएवढा होता. त्यात खास बुद्धिबळासाठी घडवलेल्या ४८० चिप होत्या आणि तो सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासायचा. फोन त्याच्या मानाने फारच थोड्या तपासतो, आणि तरीही खेळतो त्याच्याहून सरस. या करामतीला अनेकांचे हात लागलेत. मी मात्र इथे एकाच धाग्यामागे जाणार आहे: प्रोग्रॅम कोणत्या भाषेत लिहिला, याचा यात वाटा किती? सी प्लस प्लस वेगवान आणि पायथॉन हळू, हे संगणक शिकणारा कोणीही सांगेल, आणि ते खरंही आहे. पण बुद्धिबळाच्या पटावर आल्यावर त्या वेगाचं पुढे काय होतं, ते फार कमी जण सांगतात. मला तर सगळी गंमत तिथेच दिसते.

आधी डोंगर केवढा आहे ते पाहू. डाव सुरू होताना पांढऱ्याला २० खेळ्या असतात. आठ प्यादी प्रत्येकी एक किंवा दोन घरं जाऊ शकतात, त्या १६ झाल्या. दोन घोड्यांच्या प्रत्येकी दोन, त्या चार. काळ्यालाही तेवढ्याच, म्हणून दोन खेळ्यांनंतर ४०० वाटा. तिसऱ्या खेळीला ८,९०२. चौथ्या खेळीअखेर, म्हणजे दोघांचे हात दोनदाच पटाला लागलेत तेव्हा, १,९७,२८१. पाचव्या खेळीला ४८,६५,६०९, सहाव्या खेळीला ११,९०,६०,३२४, आणि सातव्या खेळीला ३ अब्ज १९ कोटींच्या पुढे.

त्या १,९७,२८१ वाटांमध्ये एक छोटीशी नवलाई दडलेली आहे. त्यातल्या नेमक्या आठ वाटा मात होऊन संपतात. पांढऱ्याने राजाच्या उंटापुढचं प्यादं एक किंवा दोन घरं सरकवायचं आणि त्याच बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं दोन घरं. ही दोन पावलं कोणत्याही क्रमाने टाकली तरी चालतात. काळ्याने राजापुढचं प्यादं एक किंवा दोन घरं नेऊन वजिराला वाट करून द्यायची. मग वजीर तिरका धावत येतो आणि मात! दोन पर्याय, दोन क्रम आणि पुन्हा दोन पर्याय, म्हणजे दोन दुणे चार, चार दुणे आठ. जवळजवळ दोन लाख वाटांच्या गर्दीतून प्रोग्रॅम बरोबर या आठ काढून दाखवतो, तेव्हा तो नियम खरोखर शिकला असं म्हणता येतं.

अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० साली छापलेल्या लेखात अंदाज बांधला होता, की संपूर्ण डावांची संख्या १ वर १२० शून्यं इतकी असावी. म्हणजे शेवटपर्यंत मोजून कोणीच खेळू शकत नाही. प्रोग्रॅमच्या हातात एवढंच उरतं, की मिळालेल्या वेळात जितकं खोल जाता येईल तितकं जायचं, थांबलेल्या ठिकाणी डाव कोणाच्या बाजूचा आहे ते जोखायचं आणि परत यायचं. खोल जायचं तर भराभर जायला हवं. इथे भाषेचा प्रश्न येतो.

मुलचेऱ्याच्या बाजारात उभं राहिलं तर मराठी, माडिया, तेलुगू आणि साठच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून येऊन वसलेल्या कुटुंबांची बंगाली, अशा चार भाषा कानावर पडू शकतात. अशा ठिकाणी दोन माणसांमध्ये दुभाष्या बसला तर काय होतं? वाक्य ऐकायचं, अर्थ लावायचा, दुसऱ्या भाषेत सांगायचं. एकदा-दोनदा ठीक आहे. पण तेच वाक्य दहा लाख वेळा बोलायचं असेल आणि दुभाष्या दरवेळी नव्याने अर्थ लावत असेल, तर दिवस त्यातच संपेल. पायथॉन नेहमीच्या पद्धतीने असा चालतो. त्याचा इंटरप्रिटर ‘या दोन संख्यांची बेरीज कर’ ही ओळ येईल तेव्हा तेव्हा विचारतो, की हे दोन्ही आहेत काय? संख्या आहेत की अक्षरं? बेरीज म्हणजे यांच्या बाबतीत काय करायचं? उत्तर ठेवायला नवी जागा कुठे? सी, सी प्लस प्लस, रस्ट या भाषांमध्ये कंपायलर संपूर्ण मजकूर आधीच प्रोसेसरच्या बोलीत उतरवून ठेवतो. मग दुभाष्याचं कामच उरत नाही. तीच बेरीज प्रोसेसरच्या एका ठोक्यात होते, आणि साध्या फोनचा प्रोसेसरही सेकंदाला अब्जावर ठोके देतो. जावा, सी शार्प आणि ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट मधल्या वाटेने जातात. त्यांचा दुभाष्या पुन्हा पुन्हा येणारी वाक्यं हेरतो आणि त्यांचं भाषांतर पाठ करून ठेवतो.

फरक किती पडतो? पायथॉनमध्ये सरळसोट लिहिलेला मोजणीचा प्रोग्रॅम सेकंदाला लाखभर वाटा मोजू शकला तर उत्तम. सी प्लस प्लसमध्ये मन लावून लिहिलेला प्रोग्रॅम सेकंदाला १० कोटी सहज ओलांडतो. या हिशेबाने सहाव्या खेळीचे ११,९०,६०,३२४ मोजायला पायथॉनला वीस मिनिटं लागतील आणि सी प्लस प्लसला सव्वा सेकंद. सातव्या खेळीला एकाला जवळजवळ नऊ तास, दुसऱ्याला अर्धा मिनिट.

एवढं अंतर निव्वळ दुभाष्यामुळे पडत नाही. त्याचं दुसरं कारण पटातच आहे, आणि ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत देखणं वाटतं.

बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. खेळ शोधणाऱ्याने राजाकडे मागितलं काय, तर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट दुप्पट करत चौसष्ट घरं भरा. राजा हसला आणि मग त्याची कोठारं रिकामी झाली. एकूण दाणे होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. आता आजच्या जवळजवळ कोणत्याही फोनच्या प्रोसेसरमध्ये डोकावा. त्यात संख्या ठेवायची छोटी छोटी खोकी असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. प्रत्येकात ६४ बिट, म्हणजे शून्य किंवा एकच्या ६४ जागा. पहिल्या जागेची किंमत एक, दुसरीची दोन, तिसरीची चार, दरवेळी दुप्पट. त्या खोक्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या कोणती? १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. राजाला न देता आलेले सगळेच्या सगळे दाणे, एक कमी नाही, एक जास्त नाही!

प्रोसेसर बनवणाऱ्यांनी हे बुद्धिबळासाठी केलेलं नाही. आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट असं दुपटीने वाढत जाणं त्यांच्या सोयीचं होतं. पण त्यामुळे अख्खा पट एका संख्येत मावला. ज्या घरात मोहरा आहे तिथे एक, जिथे नाही तिथे शून्य. याला बिटबोर्ड म्हणतात. पांढऱ्या प्याद्यांसाठी एक संख्या, काळ्या घोड्यांसाठी एक, अशा बारा संख्यांत सगळे मोहरे आले. कॉम्प्युटरच्या जगात ही युक्ती जुनी आहे. १९७४ साली संगणकांचं पहिलं जागतिक अजिंक्यपद जिंकणारा सोव्हिएत प्रोग्रॅम ‘काइसा’ ती वापरायचा. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या प्रोग्रॅमचा गट मात्र सीडीसी या कंपनीच्या यंत्रावर काम करायचा, आणि त्या यंत्राची खोकी ६० बिटांची होती. चार घरं बाहेर राहायची!

ही युक्ती काम कशी करते ते प्याद्यांवरच पाहू. डावाच्या सुरुवातीला पांढरी प्यादी दुसऱ्या ओळीत असतात. त्यांच्या घरांमधले दाणे, म्हणजे २५६ पासून ३२,७६८ पर्यंत, एकत्र केले की संख्या येते ६५,२८०. आता तिला २५६ ने गुणा, १,६७,११,६८० मिळतील. ही संख्या तिसऱ्या ओळीतल्या आठ घरांमधल्या दाण्यांची बेरीज आहे. एका गुणाकारात आठही प्यादी एक घर पुढे गेली. प्रोसेसरला गुणाकारही करावा लागत नाही, सगळे बिट आठ जागा सरकवायचे, बस. त्यातून ‘जिथे आधीच कोणी उभं आहे’ ती घरं वजा करायची तर आणखी एक क्रिया. आठ प्याद्यांच्या एक घर पुढे जाणाऱ्या सगळ्या चाली दोन ठोक्यांत तयार.

घोड्यासाठी तर हिशेबही करायचा नाही. घोडा कोणत्या घरातून कुठे जाऊ शकतो हे कधीच बदलत नाही, म्हणून प्रोग्रॅम सुरू होतानाच ६४ संख्यांचा तक्ता करून ठेवतात आणि नंतर फक्त वाचतात. घोड्याच्या चालीचं कोष्टक बांधून ठेवायची ओढ आपल्याकडेही जुनी आहे. मूळच्या पैठणच्या आणि काशीत स्थिरावलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकात ‘भगवंतभास्कर’ हा ग्रंथ रचला. त्यातल्या नीतिमयूखात बुद्धिबळाचं वर्णन आहे, आणि घोड्याने चौसष्टही घरांत एकेकदाच पाय ठेवत पट कसा फिरावा हेही श्लोकांत बांधून दिलंय. त्याच नीलकंठांचा व्यवहारमयूख पुढे मुंबईच्या न्यायालयांत वारसाहक्काच्या खटल्यांमध्ये प्रमाण मानला गेला. एकाच माणसाला वाटण्यांचा आणि घोड्याच्या उड्यांचा सारखाच ध्यास होता, ही गोष्ट मला फार आवडते.

आता भाषांकडे परत. सी, सी प्लस प्लस किंवा रस्टमध्ये ‘६४ बिटांची बिनचिन्हाची संख्या’ म्हटलं की ती थेट रजिस्टरमध्ये जाऊन बसते. भाषेचा शब्द आणि यंत्राचं खोकं एकाच मापाचं. पायथॉनमध्ये तशी छोटीशी संख्यासुद्धा मेमरीतली एक वस्तू असते. तिचा प्रकार, तिला किती जण वापरताहेत याची नोंद, असं सगळं सोबत घेऊन ती साधारण २८ बाइट जागा खाते. रजिस्टर असतं ८ बाइटचं. पायथॉनची संख्या हवी तेवढी मोठी होऊ शकते, हा एरवी मोठा गुण. पटावर मात्र तो आडवा येतो. शेवटच्या ओळीतला बिट आणखी आठ जागा सरकवला तर सीमध्ये तो पटाबाहेर पडून नाहीसा होतो, आणि नेमकं तेच हवं असतं. पायथॉनमध्ये तो नाहीसा होत नाही, पटालाच नववी ओळ फुटते! ती दरवेळी हाताने छाटावी लागते.

जावास्क्रिप्टची अडचण आणखी नवलाची आहे. तिची नेहमीची संख्या दशांश अपूर्णांकांच्या सोयीने बांधलेली आहे, त्यामुळे पूर्णांक ५३ बिटांपर्यंतच बिनचूक राहतो. म्हणजे गोष्टीतल्या राजाने कारकून म्हणून जावास्क्रिप्टला बसवलं असतं, तर ५३ घरांपर्यंतचे दाणे बरोबर मोजले गेले असते आणि शेवटच्या ११ घरांत हिशेब चुकायला लागला असता. त्यात बिट सरकवण्याच्या क्रिया ती ३२ बिटांवरच करते, म्हणजे बरोबर अर्धा पट. मोठ्या पूर्णांकांचा वेगळा प्रकार तिच्यात नंतर आला, पण तो संथ. मग मुलचेऱ्यातल्या फोनच्या ब्राउझरमध्ये स्टॉकफिश एवढा जोरात धावतो कसा? कारण तो तिथे जावास्क्रिप्टमधून धावत नाही. २०१७ पर्यंत सगळ्या मोठ्या ब्राउझरांनी वेबअसेंब्ली नावाची एक नवी बोली स्वीकारली, आणि तिच्यात ६४ बिटांची संख्या पहिल्यापासून आहे. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला मजकूर या बोलीत उतरवून पाठवतात आणि पट पुन्हा एका खोक्यात मावतो.

गंमत म्हणजे ज्या लिचेसवर हे चालतं, ती साइट स्वतः स्काला भाषेत लिहिलेली आहे, आणि त्याने काही बिघडत नाही. सर्व्हरला फक्त ‘ही खेळी नियमात बसते का’ एवढं पाहायचं असतं, तेही माणसाने खेळी केली की एकदा. वेग सगळीकडे लागत नाही. प्रोग्रॅममधला जो छोटासा भाग कोट्यवधी वेळा फिरतो, तिथेच तो लागतो.

बुद्धिबळ आणि संगणकाच्या भाषा यांचं नातं आजचं नाही. जर्मनीत कॉनराड झूझे यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘प्लांकाल्क्यूल’ ही जगातली बहुधा पहिली उच्चस्तरीय भाषा कागदावर रचली, आणि तिची ताकद आजमावायला त्यांनी बुद्धिबळाचे नियमच तिच्यात लिहून काढले. चालवायला यंत्रच नव्हतं.

ब्रिटिश गणितज्ञ ॲलन टुरिंग यांचंही तसंच. त्यांनी खेळण्याची कृती कागदावर बांधली होती, पण ती पेलणारं यंत्र हाताशी नव्हतं, म्हणून १९५२ साली मँचेस्टरमध्ये ते स्वतःच यंत्र झाले. समोर ॲलिक ग्लेनी नावाचा तरुण सहकारी होता. त्याने खेळी केली की टुरिंग आपल्या कागदावरच्या नियमांप्रमाणे हिशेब करत बसायचे, एका खेळीला साधारण अर्धा तास. २९ खेळ्यांत ग्लेनी जिंकला. आणि हाच ग्लेनी त्याच वर्षी मँचेस्टरच्या संगणकासाठी ‘ऑटोकोड’ तयार करत होता. माणसाला वाचता येईल अशा सूचना यंत्राच्या बोलीत उतरवणारा तो प्रोग्रॅम, त्यालाच अनेक जण जगातला पहिला कंपायलर मानतात. एक आद्य कागदी बुद्धिबळ-प्रोग्रॅम आणि पहिला मानला जाणारा कंपायलर लिहिणारा माणूस एका पटावर समोरासमोर बसले होते! त्या डावाच्या वेळी त्या खोलीत या लेखाचा अख्खा विषय बसलेला होता, असं मला वाटतं.

पुढे दोन टोकं दिसतात. अमेरिकेत ॲलन न्यूएल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन यांनी विचारांच्या साखळ्या मांडायला सोयीची अशी आयपीएल ही भाषा स्वतःच बनवली आणि १९५८ मध्ये तिच्यात बुद्धिबळ लिहिलं. विचार सुंदर, पण एका खेळीला कधी कधी तासभर. दुसऱ्या टोकाला, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये डेव्हिड हॉर्न यांनी झेडएक्स ८१ या घरगुती संगणकावर प्रोसेसरच्या कच्च्या बोलीत अवघ्या ६७२ बाइटमध्ये बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम बसवला. देवनागरीचं एक चिन्ह आज संगणकात तीन बाइट घेतं. म्हणजे त्या जागेत मराठीच्या जेमतेम तीन-चार ओळी मावतात, आणि त्यात मोहऱ्यांच्या चाली, शह ओळखणं आणि उत्तर शोधणं एवढं बसलं होतं. किल्लेकोटासारखे काही नियम वगळावे लागले, ते साहजिकच.

१९९५ साली हाँगकाँगमधल्या संगणकांच्या जागतिक स्पर्धेत तर फ्रान्स मोर्श यांच्या ‘फ्रिट्झ’ने साध्या पेंटियमवर बसून आयबीएमच्या डीप ब्लूच्या पूर्वावताराला हरवलं आणि अजिंक्यपद नेलं. मोर्श यंत्राच्या बोलीशी इतके जवळ राहून लिहायचे, की एकही ठोका वाया जाऊ नये.

इतकं वाचून वाटेल, की भाषा शंभर पट वेगवान म्हणजे खेळही शंभर पट चांगला. तसं होत नाही, आणि का होत नाही ते समजून घेण्यासारखं आहे. डावाच्या मध्यात प्रत्येक वळणावर सरासरी ३५ खेळ्या असतात असं धरलं जातं. सगळ्या वाटा आंधळेपणाने मोजणाऱ्या प्रोग्रॅमला एक खेळी जास्त खोल जायचं तर ३५ पट काम वाढतं. त्याला शंभर पट वेगवान भाषा दिली तर खोली वाढते सव्वा खेळीने. फक्त सव्वा!

आता त्याला थोडी अक्कल देऊ. माझ्या एखाद्या खेळीला प्रतिस्पर्ध्याचं एक तडाखेबंद उत्तर सापडलं, तर त्याची बाकीची चौतीस उत्तरं पाहायची गरजच नाही, ती खेळी बाद. या छाटणीला अल्फा-बीटा म्हणतात. उत्तम खेळ्या आधी तपासायला मिळाल्या तर तिच्यामुळे दर खेळीला काम ३५ ऐवजी सुमारे ६ पटच वाढतं. आता त्याच शंभर पट वेगातून अडीच खेळ्यांची खोली मिळते. आजच्या एंजिनांनी छाटणी इतकी धारदार केलीय, की दर खेळीला काम साधारण दुप्पटच होतं. आता तोच शंभर पट वेग देतो साडेसहा खेळ्या.

भाषा तीच, वेगही तोच. पण प्रोग्रॅम जितका शहाणा, तितकं त्या वेगाचं मोल वाढत जातं. लोक वाद घालतात तो ‘वेगवान भाषा की हुशार पद्धत’ असा. माझ्या मते वादाची मांडणीच चुकलेली आहे, कारण हुशारी वेगाची जागा घेत नाही, ती वेगाला किंमत आणून देते. युनिक्स घडवणारे केन थॉम्पसन यांनी आपल्या ‘बेल’ या बुद्धिबळ-यंत्राला स्वतःशीच वेगवेगळ्या खोलीने खेळवून पाहिलं होतं. उथळ पाण्यात प्रत्येक जादा खेळी सुमारे दोनशे रेटिंग गुण वाढवत होती. खोल गेल्यावर हा फायदा कमी होत जातो, पण थांबत नाही. म्हणून स्टॉकफिशचे स्वयंसेवक आजही एखाद-दोन टक्क्यांच्या वेगासाठी हजारो डाव खेळवून तपासणी करतात.

२०१७ साली डीपमाइंडच्या अल्फाझीरोने हा सगळा हिशेब हलवून टाकला. दोघांच्या लढतीत स्टॉकफिश सेकंदाला ७ कोटी स्थिती तपासत होता आणि अल्फाझीरो फक्त ८० हजार. शंभर डावांत अल्फाझीरो २८ जिंकला, ७२ बरोबरीत सुटले, हार एकही नाही. त्याच्यातलं न्यूरल नेटवर्क प्रत्येक स्थितीकडे जास्त वेळ आणि जास्त खोलवर पाहत होतं. मग वेगाचं युग संपलं का? तसं झालं नाही. जपानी शोगी खेळासाठी यू नासू यांनी २०१८ मध्ये एक छोटं नेटवर्क सुचवलं होतं. एक मोहरा हलला तर सगळा हिशेब नव्याने न करता तेवढ्या मोहऱ्यापुरता बदलायचा, ही त्याची खुबी. २०२० मध्ये स्टॉकफिशने ते आपलंसं केलं. यातले आकडे मुद्दाम लहान पूर्णांक ठेवलेले असतात, कारण आजचा प्रोसेसर असे सोळा किंवा बत्तीस लहान आकडे एकाच आज्ञेत हाताळू शकतो. त्या आज्ञेपर्यंत हात पोचू देणारी भाषा हवी, आणि सी प्लस प्लस, रस्ट इथे पुन्हा कामाला येतात. पण ते नेटवर्क शिकवलं जातं ते पायथॉनमधून. स्टॉकफिशच्या तपासणीचा सर्व्हरही पायथॉनचाच आहे. या दोन भाषा भांडत नाहीत, एकाच घरात आपापली कामं करतात.

कोणी नवं शिकणारं मूल मला विचारेल, की सुरुवात कोणत्या भाषेत करू, तर मी बिनदिक्कत पायथॉन सांगेन. सनफिश नावाचं एंजिन पायथॉनच्या शे-सव्वाशे ओळींत मावतं आणि चांगल्या हौशी खेळाडूला घाम फोडतं. त्या ओळी एका संध्याकाळी वाचून होतात. पट कसा मांडायचा, छाटणी कशी करायची, हे तिथे उघड्यावर दिसतं. वेग कमी पडायला लागला, की नेमका कुठे कमी पडतोय हे तोवर कळलेलं असतं, आणि मग तेवढा गाभा सी किंवा रस्टमध्ये उतरवायला घ्यावा.

पण आधी मोजणी जुळवायची. पहिल्या खेळीला २०, मग ४००, मग ८,९०२, मग १,९७,२८१. या मोजणीला पर्फ्ट म्हणतात आणि जगभरचे एंजिन लिहिणारे सगळे तिच्यातून जातात. चौथ्या खेळीपर्यंत आकडे जुळले आणि पाचव्या खेळीला ४८,६५,६०९ ऐवजी भलतंच काही आलं, तर संशय आधी एकाच नियमावर घ्यायचा. शेजारून दोन घरं उडी मारून गेलेल्या प्याद्याला जाता-जाता मारण्याचा हक्क, ज्याला एन पासाँ म्हणतात, तो पाचव्या खेळीलाच पहिल्यांदा वापरता येतो, त्याआधी शक्यच नसतो. त्या खेळीला असे बरोबर २५८ प्रसंग येतात. तुमचा आकडा नेमका २५८ नेच कमी आला असेल, तर बाकी सगळं बरोबर आहे, तेवढा एक नियम लिहायचा राहिलाय.